चिनी वैद्यकातील देह आणि भाव : ॲक्युपंक्चरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर या उपचारपद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम अस्तित्वात आला. पश्चिम बंगालने असा कायदा त्यापूर्वीच, १९९६ मध्ये केला होता. पुढे २०१९ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. शासनमान्यता मिळाली की कुतूहलाचे विश्वासात रूपांतर होण्यास फारसा काळ लागत नाही. आज शहरांतील उपचारकेंद्रांच्या फलकांवर गुडघेदुखी, मानदुखी व अर्धशिशी यांच्या शेजारीच निद्रानाश, चिंता आणि नैराश्य यांची नावे आढळतात. दुखऱ्या गुडघ्यासाठी सुई ही कल्पना सामान्य माणसास पटू शकते. परंतु शोकावर, भयावर किंवा खिन्नतेवर सुई कशी चालावी, याचा उलगडा सहज होत नाही. नैराश्य हा प्रसंगी जिवावर बेतणारा आजार असल्यामुळे हा प्रश्न केवळ जिज्ञासेपुरता उरत नाही.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे नेहमी ऐकू येतात. पौर्वात्य ज्ञान मन व शरीर यांना एकच मानते, म्हणून सुईने मनही बरे होते, हे पहिले. हा सारा भोळेपणाचा बाजार आहे, हे दुसरे. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी चिनी वैद्यकात भावनेचा विचार नेमका कसा केला आहे, हे पाहण्याची तसदी घेतलेली नसते. प्रस्तुत लेखात तो विचार, विसाव्या शतकात त्याला मिळालेले वळण आणि आधुनिक चाचण्यांतून हाती आलेले निष्कर्ष यांचा परामर्श घेतला आहे.

भाव म्हणजे 'ची'ची गती

चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ म्हणजे 'ह्वांगदी नेइजिंग' अर्थात पीतसम्राटाचा अंतर्ग्रंथ. तो कोणा एका लेखकाचा नसून इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत, हान राजवटीत संकलित होत गेला, असे अभ्यासक मानतात. 'सूवन' आणि 'लिंगशू' हे त्याचे दोन भाग असून सुईच्या उपचाराचा विस्तार प्रामुख्याने दुसऱ्या भागात आहे. या ग्रंथातील मध्यवर्ती संकल्पना 'ची' ही होय. तिचे भाषांतर ऊर्जा, प्राण, वायू असे नाना प्रकारे केले जाते. यांपैकी 'प्राण' हा शब्द मराठी वाचकास जवळचा वाटत असला तरी तो सोबत स्वतःचे सारे तत्त्वज्ञान घेऊन येतो. म्हणून 'ची' हाच शब्द ठेवणे श्रेयस्कर.

भावनांविषयी या ग्रंथाची मांडणी विलक्षण आहे. क्रोधाने ची वर चढते, हर्षाने ती सैल पडते, शोकाने क्षीण होते, भयाने खाली उतरते, धसक्याने विस्कटते आणि अतिविचाराने तिला गाठ बसते, असे तिचे सूत्र सांगता येईल. येथे भावना हे कारण आणि शारीरिक लक्षण हे कार्य, असा दोन टप्प्यांचा संबंध मुळात अभिप्रेत नाही. क्रोध 'झाला' आणि 'मग' ची चढली, असे नसून चीचे वर चढणे हाच क्रोधाचा एक चेहरा आहे. आजही चिनी भाषेत राग येणे यासाठी 'शंगची' हा शब्द वापरतात. त्याचा शब्दशः अर्थ ची उत्पन्न होणे असा होतो. भित्र्या माणसाला 'लहान पित्ताशयाचा' म्हणण्याचा प्रघातही तेथे आहे.

मराठी वाचकाने याचे फार नवल वाटून घेण्याचे कारण नाही. आपल्या भाषेतही रागाने पित्त खवळते, भीतीने पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते आणि काळजाचे पाणी होते. फरक एवढाच की मराठीत हे वाक्प्रचारांत राहिले, तर चीनमध्ये त्याचे निदानशास्त्र झाले. यकृताशी क्रोध, हृदयाशी हर्ष, प्लीहेशी अतिविचार, फुप्फुसाशी शोक आणि मूत्रपिंडाशी भय अशी जोडी लावली गेली. या पाच अवयवांचा संबंध काष्ठ, अग्नी, मृत्तिका, धातू आणि जल या पाच अवस्थांशी लावण्यात आला. येथील 'यकृत' म्हणजे शवविच्छेदनात दिसणारे यकृत नव्हे, तर कार्यांचा एक समूह होय. ही सावधगिरी न बाळगल्यामुळे 'क्रोधाने यकृत बिघडते' यांसारखी विधाने लोकप्रिय पुस्तकांतून वैद्यकीय सत्य म्हणून फिरत राहतात.

या मांडणीचे प्रत्यक्ष उपचारात काय होते, हे तेराव्या शतकाच्या प्रारंभी होऊन गेलेल्या झांग त्सोंगझेंग या वैद्यांच्या नावे नोंदलेल्या एका प्रकरणातून स्पष्ट होते. एका श्रीमंत घरातील स्त्री अतिविचाराने ग्रासली होती व दोन वर्षे तिला झोप नव्हती. नाडी पाहून वैद्यांनी दोष प्लीहेचा, म्हणजे अतिविचाराचा, असल्याचे निदान केले. पाच अवस्थांच्या क्रमात काष्ठ मृत्तिकेवर मात करते. म्हणजेच क्रोध अतिविचारावर मात करतो. झांग यांनी तिच्या पतीशी संगनमत करून भरपूर पैसे घेतले, अनेक दिवस त्यांच्या घरी मद्यपान केले आणि एकही औषध न लिहिता ते निघून गेले. ती स्त्री संतापाने लाल झाली, तिला घाम फुटला आणि त्याच रात्री झोप लागली. ती आठ-नऊ दिवस जागी झाली नाही, असे नोंद सांगते. आठ-नऊ दिवसांच्या झोपेवर विश्वास ठेवणे कठीण आहे. पण या प्रकरणाचे महत्त्व त्यातील युक्तिवादात आहे. येथे सुई नाही, काढा नाही. एका भावाची गाठ दुसऱ्या भावाच्या गतीने सोडवली आहे, आणि त्यासाठी वैद्याने घरातील माणसांना हाताशी धरून एक प्रसंगच रचला आहे. सुई, औषधी, आहार आणि असा रचलेला प्रसंग ही सारी एकाच हेतूची साधने होती. आज 'चिनी वैद्यक' म्हणताच केवळ सुई डोळ्यांपुढे येते, ही अलीकडची घडामोड आहे.

सुईचा चढ-उतार

सुईचा इतिहास सरळ रेषेत गेलेला नाही. १९७३ साली हुनान प्रांतातील छांगशा शहराजवळ मावांगदुई येथील इसवी सनपूर्व १६८ मधील थडग्यातून रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथ सापडले. त्यांत देहातील अकरा वाहिन्यांचे वर्णन आहे; मात्र उपचार म्हणून सांगितला आहे तो शेक, सुई नव्हे. दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा हा शेक 'मोक्सा' या नावाने आजही दिला जातो. वाहिन्यांची कल्पना आधी आणि सुई मागाहून, असा क्रम यातून सूचित होतो. पुढे सुईची विद्या इतकी प्रतिष्ठित झाली की अकराव्या शतकात सुंग दरबारात विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी बिंदू कोरलेल्या काशाच्या मानवाकृती ओतवल्या गेल्या. तरीही १८२२ मध्ये छिंग दरबाराने राजवैद्यसंस्थेतून सुई व शेक यांचे विभाग वगळले. १९२९ साली तर राष्ट्रवादी सरकारपुढे संपूर्ण देशी वैद्यकच क्रमाने बंद करण्याचा प्रस्ताव आला होता; वैद्यांच्या तीव्र विरोधामुळे तो बारगळला.

आज जगभर शिकवले जाणारे चिनी वैद्यक त्यानंतर घडले. १९४९ नंतरच्या साम्यवादी शासनापुढे अफाट लोकसंख्या आणि मूठभर आधुनिक डॉक्टर अशी अडचण होती. १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ व छंगदू येथे देशी वैद्यकाची महाविद्यालये काढण्यात आली आणि परस्परविरोधी घराण्यांत विखुरलेल्या विद्येची पाठ्यपुस्तके तयार झाली. एखाद्या लोकगीताचे प्रमाणित पाठ तयार करताना जे होते तेच येथे झाले : एकवाक्यता आली, पण पुष्कळसे गळाले. 'शन' म्हणजे चित्त किंवा दैवी सत्त्व यांविषयीचा प्राचीन ग्रंथांतील विचार भौतिकवादी चौकटीत न बसणारा होता. त्याला पाठ्यपुस्तकांत दुय्यम जागा मिळाली. सत्तरच्या दशकात ही विद्या पाश्चात्त्य देशांत पोहोचली, तेव्हा तेथील मध्यमवर्गाला नेमके तेच गळालेले हवे होते. इंग्लंडमध्ये जे. आर. वर्स्ली यांच्या पंचतत्त्व-परंपरेने भावनेला निदानाच्या केंद्रस्थानी आणले. 'भावनिक संतुलनासाठी ॲक्युपंक्चर' हे आज प्राचीन म्हणून सांगितले जाणारे रूप बऱ्याच अंशी असे दोनदा देशांतर करून आलेले आहे. कानावरील बिंदूंचा प्रसिद्ध नकाशा तर फ्रेंच वैद्य पॉल नोजिए यांनी पन्नासच्या दशकात मांडलेला आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

भारतात ही विद्या आली ती मात्र थेट चीनमधून. १९३८ साली जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनच्या मदतीस गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांपैकी एक; ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. याच पथकातील कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू १९५८ च्या सुमारास पुन्हा चीनला गेले, तेथे त्यांनी ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर कलकत्त्यात त्याचा वापर सुरू केला. कोटणिसांनी चीनमध्ये आधुनिक शल्यचिकित्सा दिली आणि त्यांच्या सहकाऱ्याने तेथून सुई आणली. या देवाणघेवाणीची दुसरी बाजू महाराष्ट्रात क्वचितच सांगितली जाते.

अमेरिकेत ॲक्युपंक्चरची लाट आणली ती एका वार्ताहराच्या पोटदुखीने. जुलै १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांची आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ती सुईने बधिर करून झाली, ही आख्यायिका आजही अनेक पुस्तिकांत छापली जाते. प्रत्यक्षात भूल नेहमीच्या औषधांच्या इंजेक्शनानेच दिली होती; सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगल्याने होणाऱ्या त्रासासाठी. रेस्टन यांनी स्वतः हे स्पष्ट लिहिले होते.

देहाच्या भाषेत बोललेले दुःख

भावना आणि देह यांच्या संबंधाचा सर्वांत बोलका आधुनिक पुरावा सुईच्या अभ्यासातून नव्हे, तर मानसोपचारातून आला. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी छांगशा येथील हुनान वैद्यकीय महाविद्यालयात 'शनजिंग श्वायरुओ' म्हणजे मज्जादौर्बल्य असे निदान झालेल्या १०० रुग्णांची तपासणी केली. डोकेदुखी, थकवा, चक्कर, झोप न लागणे या त्यांच्या तक्रारी होत्या. पाश्चात्त्य निकषांनुसार पाहता त्यांतील ८७ जणांना नैराश्याचा विकार होता. मात्र 'मी उदास आहे' अशी तक्रार घेऊन आलेले रुग्ण फारच थोडे होते. त्यांपैकी अनेकांच्या आयुष्यावर सांस्कृतिक क्रांतीचा घाव होता : तुटलेली कुटुंबे, हुकलेले शिक्षण, मनाविरुद्ध लादलेले काम. ज्या काळात खिन्नतेचा उच्चार राजकीय असंतोष ठरू शकत होता, त्या काळात डोकेदुखी हीच बोलण्याची सुरक्षित भाषा होती.

येथे एक निसरडी जागा आहे. 'खरा' आजार नैराश्य असून मज्जादौर्बल्य हे त्याचे अज्ञानी नाव, असा अर्थ सहज काढला जाईल. क्लाइनमन यांनीच अशा निष्कर्षाविषयी सावध केले आहे. एका संस्कृतीतील रोगाची कोटी दुसरीवर लादली की ती तेथे सापडतेच, पण त्यामुळे ती तेथल्या लोकांच्या अनुभवाचे नाव ठरत नाही. आपल्याकडील बाह्यरुग्ण विभागातही 'अंगात कणकण', 'छातीवर दडपण', 'डोके जड' अशाच शब्दांत दुःख दाराशी येते.

चिनी वैद्य अशा रुग्णाला 'तुम्हाला दुःख कशाचे आहे?' असे सहसा विचारीत नाही. तो जीभ व नाडी पाहतो, झोप, भूक व पाळी यांविषयी विचारतो आणि बहुधा 'यकृताची ची कोंडली आहे' असे निदान करतो. त्यावर दिले जाणारे 'श्याओयाओ सान' हे चूर्ण सुंग काळातील सरकारी औषधसंग्रहात नोंदलेले आहे. त्याच्या नावाचा अर्थच 'मुक्त विहार' असा आहे, आणि घटकांत आपल्या ओळखीचे आले व ज्येष्ठमधाच्या जातीचे मूळही आहे. या पद्धतीचा लाभ असा की रुग्णाला वेडाचा शिक्का न बसता उपचार मिळतो. हानीही त्यातच दडलेली आहे. ज्याला स्वतःचे जीवन संपवावेसे वाटते, त्याची 'कोंडलेली ची' मोकळी करताना तो प्रश्न कोणी विचारतच नाही.

चाचण्यांची साक्ष

सुईची परीक्षा घेणे अवघड असते. गोळीऐवजी साखरेची गोळी देता येते. सुईऐवजी काय द्यावे? यासाठी 'खोटी सुई' योजली गेली : चुकीच्या जागी उथळ टोचलेली, किंवा टोक दांड्यात सरकून त्वचेत न शिरणारी. जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचे आकडे या संदर्भात मननीय आहेत. सहा महिन्यांनंतर खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के, खोट्या ॲक्युपंक्चरने ४४.२ टक्के, तर औषध-व्यायामाच्या नेहमीच्या उपचाराने २७.४ टक्के रुग्णांना निश्चित गुण आला. २०१२ साली २९ चाचण्यांतील १७,९२२ रुग्णांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणातही जुनाट दुखण्यात खरी सुई खोटीपेक्षा सरस ठरली, परंतु थोडीच. उपचार न मिळालेल्यांशी तुलना करता मात्र फरक मोठा होता.

याचा अर्थ लावताना दोन्ही पक्ष आपापला अर्धा भाग उचलतात. सरळ वाचन असे करता येईल की रुग्णाला गुण येतो हे खरे, पण तो ३६१ बिंदूंपैकी नेमका कोणता बिंदू निवडला यावर फारसा अवलंबून दिसत नाही. हा निष्कर्ष रुग्णापेक्षा शास्त्रकाराला अधिक अडचणीत टाकणारा आहे, कारण वाहिन्या व बिंदू यांची सारी इमारत स्थानाच्या अचूकतेवर उभी आहे. टोचण्याने देहात अंतर्गत वेदनाशामके स्रवतात, हे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या प्रयोगांतून पुढे आले. परंतु त्या यंत्रणेलाही बिंदूंच्या नकाशाची गरज भासत नाही. मनगटाच्या आतील बाजूच्या एका बिंदूबाबत चित्र थोडे निराळे आहे. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व उलटी त्याच्या उत्तेजनाने कमी होते, असे ५९ चाचण्यांच्या २०१५ मधील कॉक्रेन आढाव्यात आढळले.

नैराश्याबाबत पुरावा अधिक क्षीण आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील चाचणीत ७५५ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचाराबरोबर ॲक्युपंक्चर, काहींना समुपदेशन, तर काहींना केवळ नेहमीचा उपचार मिळाला. तीन महिन्यांनी पहिले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा बरे होते, आणि त्या दोघांत लक्षणीय अंतर नव्हते. वर्षअखेरीस तिसऱ्याच्या तुलनेतील आघाडीही ओसरली. खोट्या सुईचा गट या चाचणीत नव्हता. म्हणजे गुण सुईचा की आठवड्यातून एकदा कोणीतरी तासभर लक्षपूर्वक विचारपूस केल्याचा, हे तिच्यावरून सांगता येत नाही. ६४ चाचण्या व ७,१०४ रुग्णांचा समावेश असलेल्या २०१८ मधील कॉक्रेन आढाव्याने उपलब्ध पुराव्याची प्रत एकूण कनिष्ठ ठरवली. ॲक्युपंक्चरने नैराश्य बरे होते, असे फलकावर लिहिण्यास एवढा आधार पुरेसा नाही. चालू उपचाराला जोड म्हणून ते निरर्थक आहे, असे म्हणण्यासही तो पुरत नाही.

औषधींच्या बाजूस यश आणि अनर्थ दोन्ही ठळक आहेत. १९६७ साली सुरू झालेल्या सरकारी संशोधनात तू योयो यांनी चौथ्या शतकातील ग्रंथातील सूचनेवरून मलेरियावरील आर्टेमिसिनिन वेगळे केले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याउलट नव्वदच्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींत नावाच्या साधर्म्यामुळे एका मुळाऐवजी दुसरे मिसळले गेले. त्यातील ॲरिस्टोलोकिक आम्लामुळे सुमारे शंभर जणांची मूत्रपिंडे गमावली वा निकामी होऊ लागली, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. सुई त्या मानाने निरुपद्रवी असते. तरी अप्रशिक्षित हाताने छातीवर खोल टोचल्यास फुप्फुसाला छिद्र पडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. भावनिक विकारांत सर्वांत मोठा धोका मात्र टोचण्याचा नसून सोडण्याचा असतो : 'नैसर्गिक' उपचार सुरू झाला म्हणून चालू असलेले औषध अचानक थांबवण्याचा.

छांगशाच्या त्या रुग्णांचे पुढे काय झाले, हेही येथे नोंदवणे उचित ठरेल. क्लाइनमन यांनी नैराश्याचे रुग्ण ठरलेल्यांना त्या काळी प्रचलित असलेली नैराश्यविरोधी औषधे दिली आणि बहुसंख्यांची लक्षणे कमी झाली. परंतु ज्यांचे बदलीचे अर्ज अडकून होते, ज्यांच्या घरात कलह तसाच होता, जे पती-पत्नी नोकरीमुळे दोन शहरांत विभागले गेले होते, त्यांच्या डोकेदुखीचे प्रमाण घटूनही ते स्वतःला आजारीच समजत राहिले आणि पुन्हा दवाखान्याची वाट धरत राहिले. त्यांच्यापैकी अनेकांनी त्याआधी काढे घेतले होते आणि त्यानंतरही घेतले.